डबा हलवा, खिरापत ओळखा

प्रश्न : आम्ही दोघंही कापूस वेचणीला जातो, सांजेला थकून वावरातून येतो. पोरांना कुठं फिरायला नेणं होत नाही. त्यांच्या आठवणीत काय राहील? (एक आई, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : बाई, भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या अंगणात भुलाबाई, म्हणजे पार्वतीची मातीची मूर्ती, बसायची आणि आम्ही पोरी जमून तिची गाणी म्हणायचो. गाणी संपली की माय खिरापतीचा डबा खुळखुळवायची, "ओळखा!" आम्ही पोट्ट्या ओरडायचो, फुटाणे! मुरमुरे! एकदा डबा वाजलाच नाही. आत शिळ्या पोळीचा गूळ घालून केलेला मलिदा. घरात दुसरं काही नव्हतं, हे फार पुढे कळलं. तेव्हा मी हरले म्हणून रडले होते!

भुलाबाई गेली तरी डबा घरात आहेच. जेवणानंतर पोरांना हलवू द्या, तुम्ही ओळखा, मुद्दाम चुका. नवऱ्यालाही बसवा. आधी नाही म्हणेल, मग तोच सगळ्यांत मोठ्यानं ओरडेल.