गच्चीवरचं इंग्रजी बंद करू नका

सांगोल्याहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते लिहितात : "मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावीला इंग्रजीत ७१ मार्क, तरी माझ्यापुढे एक वाक्य धड बोलत नाही. रोज रात्री नऊला तिला इंग्रजी पेपर मोठ्याने वाचायला लावतो, चुका जागच्या जागी सुधारतो. परवा 'आस्क-एड'ला 'आस्क्ट' म्हणाली. तीनदा सांगूनही ऐकेना, शेवटी रडायला लागली. आठवड्यातून तीन संध्याकाळी पाच मैत्रिणींबरोबर गच्चीवर इंग्लिशची प्रॅक्टिस करते, पण खाली नुसतं हसणं ऐकू येतं. सगळ्या मराठी मीडियमच्या, एकमेकींच्या चुकाच शिकणार. ते बंद करून पुण्याला तीन महिन्यांच्या स्पोकन क्लासला घालतोय. फी २८ हजार, हॉस्टेल वेगळं. इंग्रजीपायी माझी नोकरी हुकली, तिची हुकू नये. क्लास कोणता चांगला?"

नमस्कार. क्लासचं नंतर बघू. आधी तो रात्री नऊचा पेपर बंद करा, आजपासूनच.

'आस्क्ट' हाच बरोबर उच्चार आहे. क, प, फ, स, श, च या आवाजांनंतर शेवटच्या 'ईडी'चा 'ट' होतो : वॉक्ट, लाफ्ट, वॉश्ट. 'इड' ऐकू येतो तो फक्त ट किंवा ड नंतर : वाँटिड, नीडिड. बाकी ठिकाणी साधा 'ड' : कॉल्ड, प्लेड. म्हणजे मुलगी बरोबर होती आणि बरोबर असून रडली. तुम्हाला हे माहीत नव्हतं यात तुमचा दोष नाही. तुमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं, तेही धडा वाचा, अर्थ लिहा, या पद्धतीने. पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. पण जे आपल्याला नीट शिकवलं गेलं नाही, ते धाकाने शिकवायला बसू नये. बोलताना शब्द शोधायचा, क्रियापदाचं रूप बसवायचं, उच्चार सांभाळायचा. त्यात समोरच्याच्या कपाळावरची आठीही बघायची असेल तर तोंड बंदच होणार. तुमच्यापुढे ती गप्प बसते याचा अर्थ तिला येत नाही असा नाही. ती तुम्हाला घाबरते.

तुमची नोकरी हुकली ती सल मी समजू शकते. पण दोन पानांच्या पत्रात मुलीला पुढे काय करायचंय, याची एक ओळही नाही. ते तिला विचारा. आणि विचाराल ते मराठीत.

आता 'एकमेकींच्या चुका शिकणार' या समजाबद्दल. पुष्कळ पालक असंच लिहितात आणि त्यापायी चांगले चाललेले गट मोडतात. मायकल लाँग आणि पॅट्रिशिया पोर्टर या अभ्यासकांनी १९८५ मध्ये गटाने भाषा शिकण्यावरचं संशोधन एकत्र मांडलं. शिकणारे आपापसात जास्त बोलतात, आणि इंग्रजी मातृभाषा असलेल्यांशी बोलताना होतात त्याहून जास्त चुकाही करत नाहीत, असं त्यात दिसलं. साधा हिशेब करा. तीस जणांच्या क्लासमध्ये तासातला अर्धा वेळ सर बोलणार, मुलीच्या वाट्याला एक मिनिट. गच्चीवर सहा जणींच्या तीन जोड्या केल्या की प्रत्येकीला वीस-पंचवीस मिनिटं. आणि ज्या हसण्याची तुम्हाला काळजी वाटते, त्याच्यामुळेच तर ती चुकायला घाबरत नाही. ओळखीच्या चार माणसांत जीभ सुटते, तशी ती परक्यांत पहिल्या महिन्यात सुटत नाही.

मात्र एक खरं आहे. मराठीतून आलेल्या चुका सहाही जणींच्या सारख्याच असतात. 'मी पाच वर्षांपासून इथे राहते' यावरून 'आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर फ्रॉम फाइव्ह इयर्स' तयार होतं आणि गच्चीवर कुणाच्याच कानाला ते खटकत नाही. (हवं ते 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स'.) त्यासाठी पंधरा दिवसांतून एक तास कॉलेजच्या इंग्रजीच्या मॅडमना किंवा निवृत्त शिक्षकांना बोलवा. हा खर्च तुम्ही उचला.

पुढचं मुलीसाठी, तिला वाचायला द्या. गटात सहाच जणी ठेवा. आठ झाल्या की दोघी नुसत्या ऐकत बसतात. एक प्रसंग निवडायचा, उदाहरणार्थ काल एसटी चुकली तो. जोडीदारणीला तो चार मिनिटांत सांगायचा. जोडी बदलून तोच तीन मिनिटांत, पुन्हा बदलून दोन मिनिटांत. मजकूर तोच असल्याने तिसऱ्या वेळी शब्द शोधावे लागत नाहीत, वाक्य सलग येतं. 'माय एम इन लाइफ'सारखे विषय नकोत, पाठ केलेलं बाहेर येतं. शब्द अडला तर मराठी शब्द घालून पुढे जायचं, थांबायचं नाही. तो शब्द वहीत टिपायचा. मध्येच कुणी कुणाला सुधारायचं नाही. ऐकणारीने दोनच चुका लिहून ठेवायच्या आणि शेवटच्या दहा मिनिटांत वाचायच्या. तीच वही मॅडमना दाखवायची. जी सगळ्यात जास्त बोलते तिच्याकडे घड्याळ द्या, म्हणजे ती इतरांचा वेळ खात नाही. कानावर चांगलं इंग्रजी पडायला बीबीसीचा 'सिक्स मिनिट इंग्लिश' हा फुकट कार्यक्रम पुरतो : एकदा नुसता ऐकायचा, एकदा लिखित मजकूर समोर ठेवून. महिन्यातून एकदा एकाच विषयावर एक मिनिट मोबाइलवर रेकॉर्ड करायचं.

चार-पाच महिन्यांनी अनोळखी माणसांशी बोलायचा सराव लागेल, कारण मुलाखत मैत्रिणी घेत नाहीत. तेव्हा कुणाची नोकरीला लागलेली मावसबहीण व्हिडिओ कॉलवर घ्या, तिला प्रश्न विचारायला सांगा.

परीक्षांचं म्हणाल तर बँकेच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजी पर्यायी उत्तरांचं असतं आणि परदेशी शिकायला जाण्यासाठी द्यावी लागणाऱ्या आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची. काय करायचं ते तिचं ठरलं की त्याची तयारी वेगळी करावी लागेल.

पुण्याच्या क्लासला आगाऊ पैसे भरले असतील तर परत मिळतात का विचारा. नाही मिळाले तरी पाठवू नका. आणि तिला एवढंच सांगा की 'आस्क्ट' बरोबर होतं.