रोज उपाशीपोटी कच्चा लसूण खाल्ल्याने कोलेस्टेरॉल उतरतं का?

कोलेस्टेरॉलसाठी खात असाल तर फारशी आशा ठेवू नका. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने 2007 साली नेमकं हेच तपासलं. एलडीएल (म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) थोडं वाढलेल्या 192 जणांना आठवड्यातले सहा दिवस, सहा महिने, साधारण एका पाकळीइतका लसूण दिला. कुणाला कच्चा (चक्क सँडविचमधून!), कुणाला पावडरीची गोळी, कुणाला मुरवलेल्या लसणाची, तर काहींना लसूण नसलेली नुसतीच गोळी. शेवटी एलडीएलमध्ये दखल घ्यावी असा फरक कुठल्याच गटात दिसला नाही.

रक्तदाबाचं चित्र जरा बरं आहे. ज्यांचा बीपी मुळात वाढलेला आहे, त्यांचा वरचा आकडा लसणाच्या गोळ्यांनी सरासरी 8 च्या आसपास उतरल्याचं काही प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणात दिसलं. पण ते प्रयोग छोटे होते, त्यामुळे तेवढ्यावर बीपीची गोळी बंद करू नका.

आणि अख्खी पाकळी पाण्याबरोबर गिळत असाल, तर ते जवळजवळ वायाच. ज्या अ‍ॅलिसिनचा (लसणातलं गुणकारी मानलं जाणारं द्रव्य) एवढा गवगवा होतो, ते पाकळीत तयार नसतंच. ठेचल्यावर किंवा चावल्यावर बनतं. थेट फोडणीत टाकला, तरी ते बनवणारं एन्झाइम उष्णतेने मरतं. ठेचून दहा मिनिटं ठेवलेला बरा.

वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल, तर मात्र डॉक्टरांना लसणाचं आधी सांगा, कारण रक्तस्राव वाढू शकतो. भाजी-आमटीतल्या लसणाची चिंता नको.