अनुदानाच्या भरवशावर कॅमेरा उचलू नका, राजेहो

तुमचा पहिलाच मराठी सिनेमा आणि तोही नागपुरातून? झकास! 'सरकार पैसे देते म्हणे, मग अनुदान, करमुक्ती, सहनिर्मिती यांची सुरुवात कुठून करू?' असं विचारलंत. पण 'सरकार पैसे देते' हे अर्धंच खरं आहे. मराठी चित्रपटाचं अनुदान सिनेमा पूर्ण झाल्यावर, सेन्सॉर प्रमाणपत्र हातात आल्यावर, परीक्षण समितीनं दर्जा ठरवला तरच मिळतं. म्हणजे शूटिंगचा खर्च आधी तुमच्याच खिशातून.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- पहिल्या दिवसापासून पक्की बिलं. आमच्या युनिटचा तर्री-पोह्याचा महिन्याभराचा हिशोब सिगारेटच्या पाकिटामागे लिहिलेला होता. सीएनं तो हातात धरून नुसतं माझ्याकडे पाहिलं.
- 'करमुक्त'च्या मागे आत्ता लागू नका. २०१७ च्या जुलैपासून करमणूक कर जीएसटीत गेला. आता राज्य फार तर आपल्या वाट्याचा कर सोडतं, तोही तिकिटावरचा. निर्मितीखर्चाशी त्याचा संबंध नाही.
- पेंचचं जंगल दाखवायचंय? सीमेवरचं खवासा गाव आलं की मध्य प्रदेश. त्यांच्या २०२० च्या चित्रपट धोरणात तिथल्या शूटिंगच्या दिवसांवर अनुदान ठरायचं; २०२५ ला नवं धोरण आलंय, पण कुठला दिवस कुठल्या राज्यात, ते रोज लिहा.

सहनिर्मितीचं नंतर बघू. आधी पटकथा आणि वेगळं बँक खातं.