टोरोंटोत बर्फच पडला नाही, तरी कंत्राटदाराला पैसे का? ही उधळपट्टी नाही का?

नुसते उभे राहण्याचे पैसे मला खटकत नाहीत. त्याला स्टँडबाय म्हणतात. बर्फ बाजूला सारणारा नांगर लावलेला ट्रक आणि चालक हिवाळाभर तयार ठेवायचा, तर त्याचं भाडं द्यावंच लागतं. रात्री दोनला हिमवर्षाव सुरू झाल्यावर ट्रक शोधायला निघालात तर सकाळी ऑफिसला कुणी पोहोचणार नाही.

उधळपट्टी असते ती कामाच्या तासांत. 2020 मध्ये शहराच्या ऑडिटर जनरलने हिवाळी रस्ते-देखभालीच्या कंत्राटांची तपासणी केली. ट्रकवर जीपीएस बसवलेलं होतं, पण बिलं मंजूर करताना त्या नोंदी नीट ताडून पाहिल्या जात नव्हत्या, आणि नोंदींमध्ये ट्रक कामाच्या वेळेत बराच काळ एका जागी थांबलेले दिसत होते. (मुंबईची नालेसफाई आठवली ना? मलाही.) म्हणजे यंत्र होतं, बघणारं कुणी नव्हतं.

बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाचंही तसंच आहे. उणे दहा अंशांच्या खाली साधं मीठ फारसं काम करत नाही, तरी रस्ते मिठाने पांढरे दिसले की लोकांना बरं वाटतं. तेच मीठ पुढे ओढ्यांत जातं, गाड्या आणि पूल गंजवतं. तो खर्च या बजेटमध्ये दिसतच नाही.

तेव्हा तुमच्या नगरसेवकाला स्टँडबायबद्दल विचारू नका. जीपीएस आणि बिलं जुळतात का, आणि न जुळल्यास किती रक्कम कापली, एवढंच विचारा. नांगर आत्ता कुठे फिरतायत ते शहराच्या प्लाऊ-टीओ नकाशावर दिसतं.