गुडघे, गच्ची आणि स्विम स्पा

प्रश्न : गुडघेदुखीमुळे मुलगा टिळकवाडीतल्या आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर स्विम स्पा (जेटमधून येणाऱ्या पाण्याच्या झोताविरुद्ध जागच्या जागी पोहायची छोटी टाकी) बसवू म्हणतोय. मला पोहता येत नाही. घ्यावा का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : ताई, पोहता आलंच पाहिजे असं नाही. छातीभर पाण्यात शरीराचा निम्म्याहून जास्त भार पाणीच पेलतं. जेट मंद ठेवून प्रवाहाविरुद्ध चालायचं, कठडा धरून पाय मागे उचलायचे. खानापुरात माझ्या अंगणात स्विम स्पा आहे आणि मी त्यात पोहण्यापेक्षा चालतेच जास्त. पावसात मी टोपी घालून पाण्यात चालते तेव्हा शेजारच्या वहिनी हसतात. हसू देत की!

पण गच्ची? ६,००० लिटर पाणी म्हणजे ६ टन, वर टाकीचं आणि माणसांचं वजन वेगळंच. विक्रेता "काही होत नाही" म्हणेल. त्याचं ऐकू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरनं लेखी दिल्याशिवाय नाहीच. परसात काँक्रीटचा सपाट ओटा घाला, ते बरं.

व्यायामाला २७-२८ अंश पाणी मला पुरतं. एवढं पाणी १ अंशानं तापवायला साधारण ७ युनिट वीज लागते, म्हणून झाकण जाड घ्या. पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) ७.२ ते ७.६ ठेवा, क्लोरीन पट्टीनं तपासा. जोराच्या पावसानंतर तर नक्कीच. ईएलसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. नातवंडं येत असतील तर झाकणाला कुलूप लावा.