खारपाणपट्ट्यातला ३०४ चा शाफ्ट: पॅसिव्हेशनने तुटणं थांबेल का?

भाऊ, दर्यापूरकडच्या बोअरच्या खारट पाण्यावरचा पंप, सीलच्या जागी वेल्डने भरून घेतलेला ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा शाफ्ट, वेल्डशेजारी तांबूस डाग आणि शेवटी स्टेपवरच (जिथे शाफ्टची जाडी बदलते) तुकडा. पॅसिव्हेशनने भागेल का, असं विचारलंत. नाही भागणार. पॅसिव्हेशन म्हणजे ॲसिडच्या पाण्यात बुडवणं, ते पृष्ठभागावरचं सुटं लोखंड काढतं. थकव्याची, म्हणजे पुन्हा पुन्हा वाकून पडलेली चीर त्याने अडत नाही.

आधी तुटलेलं तोंड पाहा. गुळगुळीत भागावर शिंपल्यासारख्या रेषा असतील तर तो थकवाच. रेषा गंजाच्या खड्ड्यातून निघाल्या असतील तर सुरुवात पाण्यातल्या क्लोराइडने केली.

नव्या शाफ्टवर वेल्डने भर देऊच नका. वेल्ड थंड होताना तिथे ताण अडकून राहतो, आणि वेल्डच्या उष्णतेने आलेल्या निळ्या-पिवळ्या रंगाखालचा क्रोमियम कमी झालेला थर सर्वात आधी गंजतो. तो रंग पॅसिव्हेशनने जात नाही. त्याला पिकलिंग पेस्ट, म्हणजे तो थर खाऊन काढणारा ॲसिडचा लेप लागतो. त्यात हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं, म्हणून हातमोजे, चष्मा आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (या ॲसिडने भाजल्यावर लावायचं) जवळ असल्याशिवाय डबा उघडू नका.

टिकाऊपणा खरा येतो तो स्टेपच्या कोपऱ्यातून. तिथे धारदार कोपरा नको, बेअरिंग बसेल तेवढी मोठी गोलाई ठेवा. टूलच्या रेघा शाफ्टच्या लांबीच्या दिशेने पॉलिश करून काढा. मग शॉट पीनिंग, म्हणजे पृष्ठभागात दाबाचा ताण भरणं. साधं सँडब्लास्टिंग म्हणजे पीनिंग नव्हे. काचेचे मणी किंवा स्टेनलेसचेच छर्रे हवेत. साध्या स्टीलच्या छर्र्यांचं लोखंड रुतून बसतं आणि डाग परत येतात. पीनिंगची सोय नसेल तर लेथवर रोलरने गोलाई दाबून घेता येते, उपयोग बराच होतो. हार्ड क्रोमचा मुलामा मात्र टाळा, त्यातल्या बारीक भेगाच पुढे चीर होतात.

पॅसिव्हेशन सर्वात शेवटी. तेल-ग्रीस पूर्ण काढा. १० लिटर पाण्यात १ किलो सायट्रिक ॲसिड, ५० ते ६० अंश, २० मिनिटं, प्लास्टिकच्या भांड्यात. धुवायला आरओचं पाणी घ्या. बोअरच्या पाण्याने धुतलं तर वाळल्यावर तेच क्षार पुन्हा अंगावर बसतात.

खड्डे पडलेल्या जुन्या शाफ्टवर पीनिंगचे पैसे घालू नका, खड्डा दाबाच्या थराखाली गेलेला असू शकतो. नवा घेताना ३१६ घ्या. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्याने खड्डे उशिरा पडतात. बसवताना कपलिंगला (मोटर आणि पंपाच्या शाफ्टचा जोड) डायल, म्हणजे वाकडेपणा मोजायचा गेज लावा. ते वाकडं राहिलं तर शाफ्ट प्रत्येक फेऱ्याला वाकत राहील.