चाचणीत शब्दचूक 6 टक्के, फोनवर मात्र निम्मे शब्द चुकतात: मराठी बोलणे ओळखणाऱ्या मॉडेलचे नेमके कुठे बिघडते?

तुम्ही दिलेली माहिती अशी: 12 जणांनी वाचलेल्या वाक्यांचे 20 तासांचे मराठी रेकॉर्डिंग, सगळ्या फायली मिसळून त्यातल्या 10 टक्के चाचणीला, आणि उरलेल्यांवर फाइन-ट्यून केलेले (म्हणजे आणखी शिकवलेले) व्हिस्पर या ओपनएआयच्या बोलणे ओळखणाऱ्या प्रणालीचे लहान मॉडेल. चाचणीत 6 टक्के शब्द चुकतात, पण अनोळखी माणूस फोनवरून बोलला की निम्मे. आणखी तास गोळा करू की मोठे मॉडेल घेऊ, असा तुमचा प्रश्न आहे. सध्या दोन्ही नको. तो 6 टक्क्यांचा आकडाच विश्वासाचा नाही. तो खरा होईपर्यंत कुठल्या बदलाने फरक पडला हे तुम्हाला कळणार नाही.

सुरुवात मोजणीपासून करा, कारण हे तासाभराचे काम आहे. व्हिस्परसोबत येणारा इंग्रजीखेरीज इतर भाषांसाठीचा साधा नॉर्मलायझर (तुलनेआधी मजकूर एकसारखा करणारा कोड) विरामचिन्हे काढताना युनिकोडमध्ये (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संगणकाच्या पद्धतीत) ‘मार्क’ म्हणून नोंदलेली सगळी चिन्हेही काढतो आणि त्या जागी स्पेस टाकतो. देवनागरीत काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे मार्कच आहेत. म्हणजे ‘दिवा’ आणि ‘देव’ हे दोन्ही शब्द ‘द व’ होतात आणि तुलनेत बरोबर ठरतात. वर एका शब्दाचे दोन तुकडे झाल्याने एकूण शब्दांची संख्या फुगते ती वेगळीच. तुम्ही हा नॉर्मलायझर वापरला असेल तर काढून टाका. स्वतःचा दहा ओळींचा लिहा: विरामचिन्हे काढणे, जादा स्पेस काढणे, एनएफसी रूपात (युनिकोडच्या एका ठरावीक प्रमाणित रूपात) आणणे. एनएफसीनेही सगळे जुळत नाही. ‘ॲ’ हे एका कोडचे अक्षर आणि ‘अ’वर चंद्र देऊन केलेले अक्षर दिसायला सारखे, पण संगणकाला वेगळे. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो, ऱ आणि हलन्ताने किंवा र, हलन्त आणि शून्य रुंदीच्या जोडचिन्हाने. या दोन्हींसाठी बदलाचा नियम हाताने लिहावा लागतो.

शब्दचूक म्हणजे बदललेले, गळलेले आणि जादा आलेले शब्द मिळून, भागिले मूळ मजकुरातले शब्द. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात. त्यामुळे ‘शाळेतल्यांनाही’मध्ये एक मात्रा चुकली तरी अख्खा शब्द चूक धरला जातो. म्हणून अक्षरचूकही सोबत द्या. ती युनिकोडच्या चिन्हांवर मोजली की अक्षरांवर, हे लिहून ठेवा. ‘क्षे’ हे आपल्याला एक अक्षर, युनिकोडला चार चिन्हे.

आता मुख्य दोष. फायली मिसळून विभागणी केल्यामुळे तेच 12 आवाज, तोच माइक आणि तीच खोली सरावातही (मॉडेल शिकवायच्या फायलींत) आहेत आणि चाचणीतही. मॉडेल त्या 12 जणांना शिकले, आणि तुम्ही त्याला त्याच 12 जणांवर तपासले. विभागणी नेहमी माणसांनुसार करायची: जो चाचणीत, त्याची एकही फाइल सरावात नको. 12 जण थोडे आहेत, म्हणून चार फेऱ्या करा. दर फेरीत वेगळे 3 जण चाचणीला, उरलेल्या 9 जणांपैकी एखादा सराव कधी थांबवायचा ते ठरवायला, बाकीचे सरावाला. शेवटी सरासरीसोबत प्रत्येक माणसाचा आकडा वेगळा लिहा. 5, 7, 8 आणि मध्येच 31 असे दिसले तर सरासरीपेक्षा ती 31 जास्त बोलकी आहे. त्या फायली कानाने ऐका. आवाज कापला गेला आहे का, बोलण्याचा वेग फार आहे का, की मजकूरच दुसऱ्या फाइलचा लागला आहे? हे शेवटचे फार वेळा सापडते.

छोट्या आकड्यांवर भरवसा ठेवू नका. 1000 शब्दांच्या चाचणीत 10 टक्के चूक आली, तर निव्वळ योगायोगाने होणारा फरक जवळपास 2 टक्के इकडे किंवा तिकडे असू शकतो. चुका एकाच माणसाच्या बोलण्यात गोळा होत असल्याने खरा फरक त्याहून मोठा असतो. 10 चे 9.5 झाले म्हणून आनंद मानण्यात अर्थ नाही.

वाक्यांची गळती, म्हणजे चाचणीतलेच वाक्य सरावातही असणे, लोक हमखास विसरतात. सगळ्यांना वाचायला एकच यादी दिली असेल, तर माणूस नवा असला तरी वाक्य जुनेच, आणि व्हिस्परचा डीकोडर (मजकूर रचणारा भाग) वाक्ये पाठ करण्यात पटाईत आहे. टिमिट या इंग्रजी बोलण्याच्या जुन्या प्रसिद्ध संग्रहात 630 जण आहेत आणि प्रत्येकाची 10 वाक्ये. त्यातली 2 वाक्ये सर्वांना सारखी आहेत, आणि संशोधक ध्वनी ओळखण्याच्या प्रयोगांत ती याच कारणाने वगळत आले. तुम्हीही चाचणीतले वाक्य सरावात असेल तर सरावातून काढा, मग सराव थोडा कमी झाला तरी चालेल.

एवढे झाल्यावर फोनकडे वळा. साध्या फोनची वाहिनी 8 किलोहर्ट्‌झवर चालते (सेकंदाला आवाजाचे 8000 नमुने) आणि ढोबळमानाने 300 ते 3400 हर्ट्‌झ एवढाच आवाज पुढे नेते. ‘स’च्या घर्षणाची बरीचशी ताकद 4000 हर्ट्‌झच्या वर असते, ती तिथे पोचतच नाही. फाइल पुन्हा 16 किलोहर्ट्‌झची केली तरी गेलेला भाग परत येत नाही. प्राट या ध्वनी तपासण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या वारंवारतेला किती आवाज आहे याचे चित्र) उघडा: 4000 च्या वर कोरी पट्टी दिसली तर फाइलवर 16 लिहिलेले असले तरी आत 8 च आहे.

दोष माणसांचा की वाहिनीचा, हे वेगळे काढायला सोपा प्रयोग आहे. स्वच्छ चाचणी-फायली 8 किलोहर्ट्‌झवर उतरवा, परत 16 वर आणा आणि तेच मॉडेल चालवा. चूक एकदम उसळली तर वाहिनीचा वाटा मोठा. तसे असेल तर सरावातल्या साधारण निम्म्या फायली अशाच प्रक्रियेतून काढून मिसळा. उतरवताना सॉक्स किंवा एफएफएमपेग ही आवाज-रूपांतराची साधने वापरा. एक सोडून एक नमुना टाकून देऊ नका, तसे केल्यास 5000 हर्ट्‌झचा ध्वनी 3000 वर येऊन बसतो आणि खोटी खरखर तयार होते.

मजकुराबद्दल माझे मत ठाम आहे: जे ऐकू येते तेच लिहा. माणूस ‘केलं’ म्हणतो आणि लिहिणारा कधी ‘केलं’, कधी ‘केले’ लिहितो, तर मॉडेलला एकाच आवाजाची दोन उत्तरे मिळतात. आकडे शब्दांत लिहा. 1250 हे ‘साडेबाराशे’, ‘बाराशे पन्नास’ आणि ‘एक हजार दोनशे पन्नास’ असे तिन्ही प्रकारे बोलले जाते. अंकात रूपांतर नंतर वेगळ्या नियमाने करा. ऐकून मजकूर लिहिणाऱ्या दोघांकडून तीच 200 वाक्ये स्वतंत्रपणे लिहून घ्या आणि फरक मोजा. त्यांच्यातच 4 टक्के फरक असेल तर मॉडेलकडून 2 टक्क्यांची अपेक्षा ठेवता येत नाही.

व्हिस्परच्या दोन खास अडचणी. तो एका वेळी 30 सेकंदांचा तुकडा घेतो आणि उत्तर 448 टोकनांत (मजकुराच्या बारीक अंशांत) बसवतो. देवनागरीला टोकन जास्त लागतात, त्यामुळे भरगच्च बोलण्याच्या लांब तुकड्याचा मजकूर मर्यादेबाहेर जातो. तुकडे 15 सेकंदांच्या आत ठेवा. दुसरे, नुसत्या शांततेवर तो न बोललेली वाक्ये रचतो. फोनवर शांतता पुष्कळ असते, म्हणून आधी बोलण्याचा भाग शोधणारे साधन लावून रिकामे भाग कापा, कडांना 0.2 सेकंद राखा.

आणि हो, तास गोळा करायचेच असतील तर तेच लोक पुन्हा बसवू नका. नवीन 80 जणांची प्रत्येकी 15 मिनिटे घ्या, फोनवरूनच, आणि वाचायला न देता प्रश्न विचारून बोलते करा, म्हणजे अडखळणे, अर्धवट शब्द आणि ‘म्हणजे म्हणजे’ही येईल. त्यातले 10 जण पहिल्याच दिवशी चाचणीसाठी बाजूला काढा आणि त्यांचे रेकॉर्डिंग सरावाच्या फोल्डरमध्ये कधीच ठेवू नका.